२०१९: जतला टँकर, सांगलीत होडी आणि आमची बाग फुलोऱ्यात

आम्ही २०१९ ला द्राक्षबागेची छाटणी २४ सप्टेंबरला घेतली. प्रकरण एवढंच आहे, एका बागेची एक तारीख. पण ती तारीख का धरली आणि ती अंगावर कशी आली हे सांगायचं तर पॅसिफिक महासागरापासनं सुरुवात करावी लागतीय, कारण निर्णय आम्ही पॅसिफिकच्या भरवशावर घेतला आणि दणका दिला हिंद महासागरानं.

आधी घरं सांगतो म्हणजे पुढं गोंधळ नको. आमचं घर तासगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, दोन एकर द्राक्ष, बाग आण्णा बघतात आणि मी सांगलीत नोकरीला, शनिवार-रविवार गावी. मामा सांगलीच्या गावभागात. आत्या जत तालुक्यात, इतकी पूर्वेला की तिच्या गावच्या बाजारात मराठीपेक्षा कन्नडच जास्त ऐकू येतं. जिल्हा एकच, पण त्या एका पावसाळ्यात आत्याकडं प्यायला पाणी नव्हतं आणि मामाच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं, आणि हे दोन्ही एकाच आठवड्यात. आमची पाळी नंतर आली.

२०१८ चा पाऊस आमच्या भागात वाईट गेलेला. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, जत-आटपाडी त्यात होतेच. २०१९ चा उन्हाळा म्हणजे आत्याचा फोन आला की पहिलं वाक्य "टँकर आला नाही रे अजून", जनावरं चारा छावणीत, आणि छावणीत जनावरांबरोबर घरातलं एक माणूस मुक्कामाला. आमच्या विहिरीनं पण मार्चमध्ये तळ दाखवला, खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी, झाल्यावर बाग विकतच्या टँकरवर जगवली. ते पैसे आण्णांच्या डोक्यात बसले. पुढचा सगळा निर्णय त्या टँकरच्या बिलातनं निघालाय हे मला फार उशिरा कळलं.

त्यात फेब्रुवारी २०१९ ला बातमी आली की पॅसिफिकमध्ये एल निनो आहे. आता आमच्या गावात एल निनो हा शब्द पारावर चालतो, औषध दुकानात चालतो, जावयाची चौकशी करावी तशी त्याची चौकशी होते, "औंदा एल निनो हाय म्हणं". आणि अर्थ एकच, पाऊस कमी.

हा अर्थ अगदीच चूक नाही. पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडनं पश्चिमेकडं वाहतात, ते वरचं तापलेलं पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला नेऊन साठवतात. तिथं गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग, पाऊस. वर गेलेली हवा उंचावरनं परत पूर्वेला जाते आणि पेरूच्या बाजूला, जिथं खालनं गार पाणी वर आलेलं असतं, तिथं खाली बसते. म्हणजे एक मोठा रहाटच आहे, ज्याचा एक पाय इंडोनेशियात आणि दुसरा दक्षिण अमेरिकेत. कधी कधी हे वारे ढिले पडतात, साठवलेलं गरम पाणी पूर्वेकडं घसरतं, आणि पाण्याबरोबर पाऊस पण तिकडं सरकतो. मग हवा खाली बसायची जागा आपल्या बाजूला येते. खाली बसणारी हवा म्हणजे ढग दाबणारी हवा. पेरूच्या कोळ्यांनी त्या गरम पाण्याला एल निनो म्हणलं, कारण ते नाताळच्या आसपास यायचं, बाळ येशूच्या वेळेला.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या रहाटाला वॉकर चक्र म्हणतात, ते गिल्बर्ट वॉकरच्या नावावरनं. हा गणिती माणूस १९०४ ला इंग्रजांनी भारताच्या हवामान खात्यावर आणून बसवला, का तर १८७७ चा आणि १८९९ चा असे दोन भयानक दुष्काळ झालेले आणि पुढचा आधी ओळखता येईल का हे बघायचं होतं. त्यानं जगभरातले हवेच्या दाबाचे आकडे गोळा केले आणि त्याला दिसलं की पॅसिफिकवरचा दाब चढला की हिंद महासागराच्या बाजूचा उतरतो आणि उलट, बागेतल्या सी-सॉ सारखं. म्हणजे पॅसिफिकचं हे गुपित सापडलं ते आपल्या दुष्काळापायी. आणि तरी त्याला मान्सूनचा नेमका अंदाज काही नीट जमला नाही, हे पण लक्षात असू दे.

कारण एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेला असं होत नाही. २००२ ला देशाचा पाऊस सरासरीच्या ८१ टक्के, २००९ ला ७८, ही दोन्ही एल निनोची सालं, बरोबर. पण १९९७ चा एल निनो शतकातल्या सगळ्यात जबरदस्त एल निनोंपैकी एक आणि त्या साली देशाचा पाऊस १०२ टक्के. म्हणजे मधे कुणीतरी दुसरा आहे जो हात घालतोय. तो दुसरा आपल्याच समुद्रात बसलाय आणि त्याचं बारसं व्हायला १९९९ उजाडलं.

जून आला तसा एल निनोवाल्यांचं बरोबर ठरायला लागलं. केरळात मान्सून ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा. लगेच अरबी समुद्रात वायू नावाचं चक्रीवादळ उठलं आणि त्यानं सगळी वाफ गुजरातच्या दिशेनं ओढून नेली, मान्सून कोकणाच्या खाली अडकून पडला. जून संपला तेव्हा देशभरात ३३ टक्के तूट. हवामान खात्याचा एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा, पण आमच्या पारावर त्या ९६ ला पण कुणी भाव देईना. आण्णांनी जूनमध्येच ठरवून टाकलं, औंदा छाटणी लवकर घ्यायची, विहिरीला पाणी आहे तोवर माल काढून मोकळं व्हायचं.

मग जुलैचा शेवट आणि ऑगस्ट.

ऑगस्टचा पूर सगळ्यांनी बघितलाय, फोटो अजून फिरतात, पण तो पूर कुठनं आला हे सांगताना लोक एकदम धरणावर येतात. मला त्याच्या आधीचं सांगायचंय. आपल्यावर जो पाऊस पडतो त्याची वाफ कुठनं येते? दक्षिण गोलार्धात, मॉरिशस-मादागास्करच्या बाजूला हवेचा जास्त दाब असतो, तिथनं वारे निघतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडं जातात, केनिया-सोमालियाजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं उजवीकडं वळतात. जमिनीपासनं दीडेक किलोमीटर उंचीवर हा वाऱ्याचा पट्टा इतका जोरात असतो की त्याला सोमाली जेट म्हणतात. तो अख्खा अरबी समुद्र ओलांडून येताना पाणी उचलत येतो. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २५ लाख ज्यूल उष्णता लागते, ती समुद्र देतो, आणि त्या वाफेचा ढग झाला की तीच उष्णता वर हवेत सुटते आणि हवा आणखी वर चढते. म्हणजे वारं नुसतं पाणी वाहून आणत नाही, इंधन पण आणतंय. आणि समुद्राकडं इंधन किती? समुद्राच्या वरच्या फक्त तीनेक मीटर थरात जेवढी उष्णता मावते तेवढी त्याच्यावरच्या सगळ्या हवेत मिळून मावते. त्यामुळं हवा दोन दिवसात गरम-गार होते पण समुद्र एकदा तापला की महिनोन्महिने तापलेला राहतो, आणि हवेला पुढचे तीन-चार महिने तो सोडत नाही.

हे वारं येऊन सह्याद्रीला धडकतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तिथनं पूर्वेला उतरत जाईल तसा पाऊस नुसता गळत जातो, पाचगणी, वाई, आणि मग माण, आटपाडी, जतपर्यंत यायचं तर चारशे-पाचशेच्या आत-बाहेर. हवा डोंगरावर चढताना पिळून निघते आणि उतरताना कोरडी होते, आपण सगळे त्या उताराच्या बाजूचे. पण नद्या मात्र त्याच उतारानं येतात. कृष्णा महाबळेश्वरची, कोयना कराडात तिला मिळते, वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या दारात. त्यामुळं सांगलीत ऊन पडलेलं असताना पण सांगलीत पूर येऊ शकतो, आणि नद्या एवढ्या भरून वाहत असताना जत कोरडं राहू शकतं. ह्यात दैवाचा काही भाग नाही, डोंगराची आणि वाऱ्याची दिशा तशी आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात ओडिशाजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तो वाढत जाऊन ७ तारखेला बालासोरच्या बाजूनं जमिनीवर आला. असला पट्टा तिकडं उभा राहिला की तो इकडनं, अरबी समुद्राच्या बाजूनं वारं ओढतो. दीड हजार किलोमीटर लांबचा पंप म्हणा. घाटावर पाऊस थांबायचं नावच घेईना. कोयनेची सगळी साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), वारणेची ३४.४०, दोन्हीकडनं पाणी सोडायची वेळ, आणि धरणाच्या खालचं जे पाणी आहे, ओढ्या-नाल्यांचं, त्याला तर कुठलं दारच नाही.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला आमच्याकडं एक वेगळाच मान आहे. १९२९ ला झालेला पूल, पण सांगलीत पावसाळ्यात तो पूल राहत नाही, मोजपट्टी होतो. "आयर्विनला किती?" एवढं विचारलं की पुरतं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला जवळपास ५४ पर्यंत गेलेलं आणि मामा म्हणायचा की आता ह्याच्या वर काय जात नाही, घराच्या भिंतीवर २००५ ची रेघ पण मारून ठेवलेली. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मामाची रेघ पाण्याखाली. मामा-मामी, आजी आणि शेजारचं एक कुटुंब असे सगळे वरच्या मजल्यावर अडीच दिवस, मग होडी आली. ८ तारखेला ब्रह्मनाळला पुरातल्या लोकांना नेणारी बोट उलटून माणसं गेली, त्या बातमीनंतर आजी होडीत बसायलाच तयार नव्हती.

आणि त्याच आठवड्यात, हे मी माझ्या फोनवर बघितलंय, आत्याचा मेसेज की टँकर आला.

पूर ओसरल्यावर अलमट्टीवरनं, म्हणजे खाली कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणामुळं पाणी तुंबलं का ह्यावरनं, जे वाद झाले ते सगळ्यांना माहितीयत. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं मुख्य दोष अलमट्टीला दिला नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अडवणूक ह्यावर बोट ठेवलं. हे अजून बऱ्याच जणांना पटत नाही आणि मी त्या वादात पडत नाही. माझा मुद्दा ऑगस्टमधल्या समुद्राचा आहे. एल निनो तोवर विरला होता. आम्ही मात्र अजून त्याचंच नाव घेत होतो.

आता सप्टेंबर, म्हणजे खरं प्रकरण.

द्राक्षवाल्याला सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे जुगार. फळछाटणी, गोडी छाटणी म्हणा, ती घेतली की दहा-बारा दिवसात पोंगा, म्हणजे कोवळी फूट, पुढं घड बाहेर, आणि पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोरा. पोंग्यापासनं फुलोऱ्यापर्यंत पाऊस आला तर दावण्या म्हणजे बुरशीचा रोग, घडकुज, गळ. म्हणजे छाटणीची तारीख ठरवणं म्हणजे दीड महिन्यानंतर आकाश कसं असणार ह्यावर पैसे लावणं. लवकर छाटलं तर पावसात सापडायची भीती पण दर चांगला आणि पाणी पुरतं. उशिरा छाटलं तर पाऊस चुकतो पण माल मार्च-एप्रिलच्या गर्दीत येतो आणि उन्हाळ्यात पाण्याचे हाल.

आमचं गणित असं झालं. पूर सांगलीला आलाय, आपल्याला नाही, आपल्या पूर्वेकडच्या विहिरी सप्टेंबरच्या सुरुवातीला अजून निम्म्याच. साल एल निनोचं, परतीच्या पावसाचा भरवसा नाही. गेल्या वर्षी टँकरनं खाल्लं. आण्णांचा नक्षत्रांचा हिशोब, २७ सप्टेंबरला हस्त लागतंय, हत्ती एकदा बरसून गेला की चित्रा-स्वाती कोरडी. म्हणजे पोंग्यात एक-दोन पाऊस, ते फवारणीनं सांभाळू, आणि फुलोरा नोव्हेंबरच्या सुरुवातीला निवांत उन्हात. मी मोबाईलवर एक अ‍ॅप बघून मान डोलावली, दहा दिवसांचं दिसत होतं त्यात, चाळीस दिवसांचं कुठनं दिसणार. २४ तारखेला मजुरांची टोळी आली.

त्या २४ तारखेला समुद्रात काय चाललेलं ते मी नंतर आकडे बघून जुळवलं. म्हणजे हे सगळं त्या दिवशी पण बघता येण्यासारखं होतं, गुपित काही नव्हतं, पण आम्ही बघत होतो भलतीकडं.

हिंद महासागरात विषुववृत्ताजवळ नेहमीच्या साली पूर्वेची बाजू, सुमात्रा-जावाकडची, जास्त गरम असते. काही सालात सुमात्राच्या किनाऱ्यालगत वारे असे वाहायला लागतात की वरचं गरम पाणी किनाऱ्यापासनं लांब ओढलं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. पूर्व गार झाली की तिथला पाऊस मरतो, दाब वाढतो. दाब वाढला की तिथनं पश्चिमेकडं, आफ्रिकेकडं वारं आणखी जोरात. ते वारं गरम पाणी पश्चिमेला लोटतं, पश्चिम आणखी तापते, पूर्वेला खालनं आणखी गार पाणी वर येतं. पाण्यानं वाऱ्याला पेटवायचं आणि वाऱ्यानं पाण्याला, दोघं एकमेकांना चढवत बसतात, गावातल्या भांडणात होतं तसंच, सुरुवात कुणी केली ते विचारू नये. ह्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, आयओडी. साजी, यामागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ला तो मांडला. पश्चिमेच्या पाण्याच्या तापमानातनं पूर्वेचं वजा करायचं, सरासरीशी तुलना करायची, उत्तर अधिक आलं की पॉझिटिव्ह. १९९७ ला एल निनो असून पाऊस का चांगला झाला ह्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथं मिळतं, त्या साली हा पॉझिटिव्ह होता, आणि जोरात.

२०१९ ला तो पावसाळ्याच्या सुरुवातीपासनंच वर झुकायला लागलेला. सप्टेंबरात चांगलाच चढला, ऑक्टोबरात आठवड्याचा आकडा २ अंशांच्या वर गेला. २ अंश ऐकायला किरकोळ वाटतं. पण समुद्राचं पाणी २८ अंशांच्या आसपास गेलं की त्याच्यावर मोठे ढग सहज उभे राहतात आणि त्या काठावर एकेक अंशाला किंमत आहे, शिवाय हवा एक अंश तापली की तिच्यात सात टक्के वाफ जास्त मावते. आफ्रिकेपासनं अरबी समुद्राच्या दक्षिणेपर्यंत सगळीकडं पाणी नेहमीपेक्षा गरम, आणि आपल्याकडं येणारं वारं बरोबर त्याच्यावरनं. सप्टेंबर महिन्यात देशाचा पाऊस सरासरीच्या १५२ टक्के झाला. जूनची ३३ टक्के तूट भरून निघून हंगाम ११० टक्क्यांवर संपला. पण आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची खूण ही नव्हती. मान्सूननं राजस्थानातनं परतायला सुरुवात करायची तेव्हाच्या कॅलेंडरात तारीख होती १ सप्टेंबर, आणि आम्ही २४ सप्टेंबरला कात्री लावली तेव्हा तो तिथनं हललेला पण नव्हता. हलला ९ ऑक्टोबरला. एवढ्या उशिरा परतीची सुरुवात नोंदीत कधीच नव्हती. म्हणजे आण्णांचा हत्ती बरसून गेला तरी मागं अख्खा कळप उभा.

१८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्यातली शरद पवारांची पावसातली सभा महाराष्ट्रात कोण विसरलंय? राजकारणवाल्यांनी त्यातनं काय अर्थ काढायचा तो काढू दे, मी त्या रात्री टीव्हीसमोर बसून एकच विचार करत होतो, अठरा ऑक्टोबर आहे आणि साताऱ्यात हे असलं पाणी, आमचे घड आता बाहेर पडतायत. आण्णा म्हणाले, "बंद कर ते." सभा आवडली नाही म्हणून नव्हे.

विधानसभेचं मतदान २१ ला, पाऊस. ऑक्टोबरमध्ये मान्सूनचं वारं पडतं, आकाश मोकळं होतं, आणि जशी आपल्याकडं ऑक्टोबर हीट तशी अरबी समुद्राला पण असते. उलट पावसाळ्यात तेच जोराचं वारं समुद्र घुसळून गार ठेवतं, सोमालियाच्या किनाऱ्याला तर खालनं गार पाणी वर येतं. म्हणून आपल्या समुद्रातली वादळं मान्सूनच्या आधी किंवा नंतर, मधे सहसा नाहीत. २०१९ ला आधीच तापलेल्या समुद्रावर ही ऑक्टोबरची आच. २४ च्या सुमाराला क्यार वादळ तयार झालं, रत्नागिरीच्या समोरनं ओमानच्या दिशेनं गेलं, पुढं सुपर सायक्लोन झालं, अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतर पहिलंच. ते संपायच्या आत लक्षद्वीपजवळ महा. दोन वादळं एका वेळेला एकाच समुद्रात. त्या वर्षी अरबी समुद्रात एकूण पाच झाली, आधी असं १९०२ ला झालं होतं. दोघांपैकी एकानं पण महाराष्ट्राच्या जमिनीवर पाय ठेवला नाही. गरजच नव्हती. त्यांनी कडेनं जाता जाता जी वाफ आत फेकली तेवढ्यावर आमचं काम झालं.

दिवाळी २७ ला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी आणि आण्णा रेनकोट घालून फवारणीच्या ब्लोअरवर. बागेत चिखल एवढा की ट्रॅक्टर रुततोय, सकाळी मारलेलं औषध दुपारी धुऊन जातंय, परत मारा. पानाच्या मागं पांढरी बुरशी आधी एका कोपऱ्यात दिसली, तीन दिवसांनी सगळीकडं. फुलोरा आला १-२ नोव्हेंबरला, बरोबर महा वादळाच्या तोंडावर, दीड महिन्यापूर्वी बोटं मोजून ठरवलेला तो निवांत उन्हाचा आठवडा. घड हातात धरला की मणी खाली. एक एकर बाग सोडून दिली, म्हणजे औषध मारणं बंद केलं. दुसऱ्या एकरातलं जे राहिलं ते बाजाराच्या लायकीचं नव्हतं, बेदाण्याला घातलं. सरकारनं नंतर फळबागांना हेक्टरी १८ हजारांची मदत जाहीर केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आमचं त्यातनं औषधाचं अर्धं बिल पण निघालं नाही.

आणि आत्या? "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती." स्वाती नक्षत्र २४ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर, म्हणजे क्यार आणि महा दोन्ही स्वातीतच. जे पाणी आमच्या फुलोऱ्यावर पडलं तेच जतच्या काळ्या रानात मुरलं, आणि तिकडं कित्येक वर्षांत झाला नव्हता असा शाळू झाला. संक्रांतीला आत्यानं पोतंभर ज्वारी पाठवली. आण्णांनी पोतं उघडलं, मूठभर हातात घेतली, काही बोलले नाहीत.

त्या समुद्राचा दुसरा काठ पण बघायला पाहिजे. पूर्वेची बाजू गार पडली म्हणून इंडोनेशियात जंगलं पेटली, ऑस्ट्रेलियाचं २०१९ हे नोंदीतलं सगळ्यात कोरडं आणि सगळ्यात गरम साल ठरलं आणि तिथले वणवे अख्ख्या जगानं बघितले. पश्चिमेला पूर्व आफ्रिकेत पूर, आणि त्या ओल्या वाळवंटात टोळधाड वाढली जी पुढं २०२० ला आपल्या राजस्थान-विदर्भापर्यंत आली. म्हणजे आमच्या तासगावच्या दावण्याचे भाऊबंद सिडनी आणि नैरोबीकडं होते. ह्यानं नुकसान कमी होत नाही, पण आपल्यावरच कुणी डूख धरलाय असं जे वाटत होतं ते गेलं.

आता इथंच थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती, एल निनो सोडा, आयओडी बघा. मी पण वर्षभर सगळ्यांना हेच सांगत फिरलो, आणि २०२१ नं माझं तोंड बंद केलं. जुलै २०२१ ला आयर्विनला परत पाणी ५५ च्या आसपास, महाबळेश्वरला २२ जुलैच्या सुमाराला चोवीस तासात ५९४ मिलिमीटर, आणि त्या वेळी आयओडी कुठं तर निगेटिव्हकडं झुकलेला. माझ्या थिअरीनुसार यायलाच नको होता पूर. मग २०२३, एल निनो आणि आयओडी पॉझिटिव्ह, म्हणजे २०१९ सारखंच होणार असं मी आण्णांना छातीठोक सांगितलेलं, तर ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासनंचा सगळ्यात कोरडा गेला. सप्टेंबरनं थोडं सावरलं, हंगाम ९४ टक्क्यांवर.

त्यामुळं आता माझं मत असं झालंय. गरम समुद्र हंगामाचं पारडं झुकवतो, एवढंच. ते झुकलेलं पारडं कुठल्या आठवड्यात, कुठल्या खोऱ्यावर रिकामं होणार हे ठरवतात बंगालच्या उपसागरातले छोटे छोटे कमी दाबाचे पट्टे आणि सह्याद्रीला वारं कुठल्या कोनानं धडकतं ते, आणि त्याचा अंदाज पाच-सात दिवसांच्या पुढं फारसा येत नाही. ऑगस्टच्या पुरासाठी आयओडीला जबाबदार धरणं मला आता थोडं ओढूनताणून वाटतं. पण आमच्या बागेचं तसं नव्हतं. तिथं आम्ही एका दिवसावर पैसे लावले नव्हते, दीड महिन्यावर लावलेले, आणि दीड महिना हा समुद्राचा हिशोब आहे, आकाशाचा नाही. २४ सप्टेंबरला मान्सून अजून राजस्थानातच, आयओडी एवढा वर, अरबी समुद्र तापलेला, तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. तेवढं बघितलं असतं तर पंधरा-वीस दिवस थांबलो असतो. आणि कमी पावसाच्या भीतीनं घाई केली नसती तर जास्त पावसात सापडलो पण नसतो, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

आता ऑगस्टच्या शेवटापासनं मी दर सोमवारी आयओडीचा आठवड्याचा आकडा बघतो, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं काय म्हणणं आहे ते बघतो, परतीची तारीख बघतो, आणि आम्ही बाग दोन तुकड्यात छाटतो, एक एकर सप्टेंबरच्या शेवटी आणि एक एकर १० ऑक्टोबरच्या पुढं. आण्णा त्याला भित्री शेती म्हणतात. दोन टोळ्यांची मजुरी, औषधाचं वेळापत्रक दोन, सगळं दुप्पट. मी पण फार ताणत नाही, कारण त्यानंतरच्या वर्षांत दोनदा असं झालंय की आण्णांच्या लवकरच्या एकराला दर चांगला मिळाला आणि माझा उशिराचा एकर मार्चच्या गर्दीत गेला.